पुन्हा काढायला लागू नये म्हणून

मिरजेत एक्सरेचं शिकायला जाते म्हटल्यावर आत्याचा पहिला प्रश्न होता, "त्या किरणांनी पुढं पोरंबाळं व्हायला काय अडचण नाही ना गं?" आत्या एकटी नाही. तासगावकडच्या आमच्या भावकीत निम्म्यांना मी डॉक्टर होतेय असं वाटतं आणि उरलेल्यांना मी स्वतःला भाजून घेतेय असं. आबांना मात्र फार समजवावं लागलं नाही. द्राक्षबागेत औषध मारणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की फवारा चालू असताना किती वेळ थांबायचं, किती लांब राहायचं आणि तोंडावर काय बांधायचं. आमच्या पुस्तकातही तेच तीन शब्द आहेत: वेळ, अंतर, आडोसा. फरक एवढाच की इथं अंतर दुप्पट केलं की मारा निम्मा नाही, एक चतुर्थांश होतो. आणि स्विच सोडला की खोलीत काही म्हणजे काही उरत नाही. बागेत वास दोन दिवस राहतो.

आत्याला आकडे सांगितले. आमच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, शिशाच्या एप्रनच्या आत. त्यातल्या चकत्या किरणांचा हिशोब साठवून ठेवतात. तीन महिन्यांनी त्या प्रयोगशाळेत तापवल्या की साठलेल्या हिशोबाइतका उजेड देतात, त्यावरून डोस कळतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा काम करणाऱ्यांना पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (अंगाला लागलेल्या किरणांचं माप), कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. नुसतं जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला जगाच्या सरासरीनं वर्षाला २.४ मिळतातच, एक्सरे खोलीचं तोंड न बघता. आत्या म्हणाली, "मग बॅज लावत जा म्हणजे झालं." बॅज अडवत काहीच नाही, नुसता मोजतो, हे तिला अजून पटलेलं नाही. आमच्या आधीच्या बॅचमधल्या एकानं बॅज एप्रनसकट मशीनच्याच खोलीत टांगून ठेवला आणि तो दिवाळीला गावी गेला. पुढं चौकशीचं पत्र आलं. माणूस सुट्टीवर, बॅज ड्युटीवर!

आमची शाळा म्हणजे इस्पितळाच्या आतलाच एक वर्ग. सकाळी विभागात काम, दुपारी फळ्यासमोर. मिरजेत हे नवीन नाही. वानलेस या मिशनरी डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं आणि जर्मन शास्त्रज्ञ रोंटगेनला क्ष-किरण सापडले ८ नोव्हेंबर १८९५ ला, म्हणजे दवाखान्याचं गाव म्हणून मिरज एक्सरेपेक्षा वर्षभरानं थोरलीच. रोंटगेननं त्याच डिसेंबरात बायकोच्या हाताचं चित्र काढलं. ते प्रत्येक पुस्तकात असतं आणि त्यात तिच्या बोटातली अंगठी ठळक दिसते. आमच्या सरांनी ते चित्र परत पाठवलं असतं. दागिना काढलेला नाही, डावं-उजवं कळायला शिशाचं अक्षर लावलेलं नाही. नापास.

सर फिल्मच्या जमान्यातले. डार्करूममध्ये आता स्टेशनरीची खोकी असतात, पण लाल दिवा अजून भिंतीवर आहे. त्या काळी एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळी, कमी झालं की पांढरी, आणि वाया गेलेल्या फिल्मा महिनाअखेरी मोजल्या जायच्या. चोरी लपत नव्हती. आता डिजिटलमध्ये किरणं जास्त गेली तरी संगणक चित्र सावरून घेतो. उलट जास्त डोसचं चित्र आणखी गुळगुळीत, सुंदर दिसतं. कमी पडली तरच दाणे दाणे दिसतात आणि रेडिओलॉजिस्ट मॅडम, म्हणजे एक्सरे वाचून निदान सांगणाऱ्या डॉक्टर, ओरडतात. मग शिकणाऱ्याचा हात आपोआप वर सरकतो. कुणी ओरडत नाही, पेशंटला कळत नाही, चित्र छान. मला हे या धंद्यातलं सगळ्यात वाईट वळण वाटतं, कारण यात कुणाचंच काही बिघडल्यासारखं दिसत नाही. म्हणून सर म्हणतात, चित्र नंतर बघ, कोपऱ्यातला आकडा आधी बघ. जिच्यावर चित्र उमटतं त्या पट्टीपर्यंत किती किरणं पोचली ते त्या आकड्यावरून कळतं. त्यातही गंमत अशी की एका कंपनीच्या यंत्रात डोस वाढला की आकडा वाढतो, दुसरीच्या यंत्रात कमी होतो. आमच्याकडे दोन्ही आहेत.

शिवाय रिपीटची वही आहे. कुठला एक्सरे पुन्हा काढावा लागला आणि का, एवढंच त्यात लिहायचं. पेशंट हलला. श्वास नीट नाही. कोपरा कापला गेला. अंगावर काहीतरी राहिलं. ही वही चाळताना लक्षात येतं की यंत्राच्या माथी मारता येण्यासारखं फार थोडं आहे. केव्ही आणि एमएएस, म्हणजे किरणांचा जोर आणि मात्रा, पाठ व्हायला वेळ लागत नाही. सगळी लढाई त्याआधीची.

छातीचाच एक्सरे घ्या. सगळ्यात सोपा म्हणून पहिल्याच आठवड्यात हातात देतात. माणसाला छाती पट्टीकडे आणि पाठ किरणं सोडणाऱ्या नळीकडे करून उभं करायचं, कारण हृदय पुढच्या बाजूला असतं. ते पट्टीजवळ आलं की उगाच मोठं दिसत नाही. नळी १८० सेंटिमीटरवर. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढं, म्हणजे खांद्याची पाती फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. मग श्वास. पूर्ण भरला तर मागच्या बाजूनं दहा बरगड्या मोजता येतात. अर्धवट भरला तर हृदय फुगलेलं दिसतं आणि फुफ्फुसांचे तळ पांढरट, की बघणाऱ्याला निमोनियाची शंका यावी. आणि "श्वास घ्या" म्हटलं की आपली माणसं काय करतात? खांदे उचलतात. पोट आत ओढतात. काही आजोबा तर मोठ्यानं श्वास सोडून माझ्याकडे वळून बघतात, झालं का म्हणून. म्हणून आता मी स्विचकडे जायच्या आधी पेशंटसमोर उभी राहून एकदा स्वतः करून दाखवते. आजोबा, असा दम भरा, आता धरा, आता सोडा. एकदा रंगीत तालीम, मगच खरं.

अथणी, कागवाडकडून येणाऱ्यांसाठी हेच कानडीत. कंट्रोल पॅनेलच्या वर सरांनी देवनागरीत चिठ्ठी चिकटवली आहे: उसिरु तगोळ्री, हिडकोरी, बिडरी. माझे उच्चार ऐकून आज्या हसतात आणि हसताना हलतात, तो वेगळा प्रश्न.

अंगावर राहिलेल्या वस्तूंचं एक प्रदर्शन भरवता येईल. ब्लाउजच्या टाचण्या, ताईत, चांदीचा करदोरा, आणि बंडीच्या आतल्या खिशातली चुन्याची डबी. ती डबी फुफ्फुसावर इतकी नीट गोल उमटते की पहिल्यांदा बघणारा घाबरावा. "खिशात काही आहे का?" असं विचारून उपयोग नाही, उत्तर "नाही" असंच येतं. डबी ही काय वस्तू आहे का, ती अंगाचाच भाग! "तंबाखू खाता का आण्णा?" असं विचारलं की हात आपोआप खिशाकडे जातो.

मंगळसूत्राचं तसं नाही. एका आजींनी मला सरळ सांगितलं, "बाई, नवरा वर दाखल हाय, आज मी काढायची न्हाई." पुस्तकात याला उत्तर नाही. सरांकडे होतं: वाट्या गळ्याच्या वर ओढून घ्यायच्या आणि ओठांत धरायला सांगायचं. छातीवर काही येत नाही आणि पेशंट मध्येच बोलतही नाही.

सांगलीच्या बाजूला आणखी एक प्रकार भरपूर. हात मुरगळला, पाय लचकला की आधी घरी हळद आणि चुना गरम करून लेप, नाहीतर हाडवैद्याकडची बांबूच्या कामट्यांची पट्टी, आणि सूज उतरेना म्हणून चौथ्या दिवशी आमच्याकडे. गळिताच्या हंगामात ऊसतोडीची माणसं येतात ती अशीच. हळद नुसती आमच्या चादरी पिवळ्या करते, पण चुन्यात कॅल्शियम आणि हाडातही कॅल्शियम. वाळलेला जाड लेप चित्रावर ढगासारखा पसरतो आणि बारीक चीर त्याखाली दिसेनाशी होऊ शकते. तसाच काढला तर नंतर धुऊन पुन्हा काढावाच लागतो. म्हणून सिस्टरांकडून कोमट पाणी आणायचं आणि दुखऱ्या हातावरून कापसानं हळूहळू उतरवायचं. बाहेर रांग लागलेली असते, वॉर्डबॉय मामा दोनदा दार वाजवून जातात. एवढ्या वेळात तीन छाती निघाल्या असत्या, हे मलाही कळतं. तरी मी धुते.

सगळ्यात अवघड मात्र एक प्रश्न विचारणं आहे. पोटाचा किंवा कमरेचा एक्सरे असेल आणि बाई तरुण असेल, तर पाळी कधी आली होती, दिवस गेलेत का, हे विचारायलाच हवं. शेजारी सासू उभी असते. उत्तर सासूच देते, "तसलं काय न्हाई, काढा तुम्ही." विभागात मुलगी मी आणि आणखी एक, म्हणून हे काम आमच्याच वाट्याला. मी सासूबाईंना केसपेपरवर शिक्का आणायला खिडकीवर पाठवते. शिक्का काही लागत नसतो. मग दार लावून विचारते. एकीनं नुसती मान खाली घातली आणि बोटं मोजायला लागली. मी तिला बसवलं आणि मॅडमना फोन केला. त्या दिवशी एक्सरे झाला नाही, मॅडमनी आधी लघवीची तपासणी लिहून दिली. पुढं काय झालं मला माहीत नाही. आमच्याकडे पेशंटची गोष्ट कधी पूर्ण कळत नाही. सासूबाई शिक्का न मिळाल्यामुळे माझ्यावर रागावून गेल्या, एवढं कळलं.

पुढच्या महिन्यापासून माझी ड्युटी सीटी स्कॅनला. तिथं हिशोबच वेगळा. छातीच्या एका एक्सरेला ०.०२ मिलिसीव्हर्टच्या आसपास लागतात, पोटाच्या सीटीला आठ-दहा. मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने. एकीकडून दुसरीकडे पाठवलेला माणूस दोन आठवड्यांत तेच सीटी दुसऱ्यांदा काढायला टेबलावर झोपतो आणि पहिलं त्याच्याच कापडी पिशवीत, बायकोच्या मांडीवर, बाहेर बाकावर असतं. काढायचं की नाही हे ठरवणं माझ्या हातात नाही, ते डॉक्टरांचं काम. पण नाव पुकारायच्या आधी मी बाकावर जाऊन पिशवी उघडायला सांगणार आहे, आणि जुनं काही निघालं तर ते घेऊन आधी मॅडमच्या खोलीत. सीटीच्या सीनियरनी आत्ताच बजावलंय की असं केलंस तर दुपारच्या वर्गाला रोज उशीर होईल.