राइनबेकला शनिवारी जाऊ नका

"सकाळची ट्रेन पकड, स्टेशनबाहेर टॅक्स्या उभ्याच असतात," असं राइनबेकच्या लोकर-मेळ्याबद्दल मला तीन अनुभवी विणणाऱ्यांनी सांगितलं होतं. तिघीही दरवर्षी स्वतःच्या मोटारीने जातात, हे नंतर कळलं.

न्यूयॉर्क स्टेट शीप अँड वूल फेस्टिव्हल, म्हणजे विणणाऱ्यांच्या तोंडचं नुसतं "राइनबेक", ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी डचेस काउंटी फेअरग्राउंड्सवर भरतं. न्यूयॉर्क शहरातल्या पेन स्टेशनहून अ‍ॅमट्रॅकने राइनक्लिफ या जवळच्या स्टेशनला जायला पावणेदोन तासांच्या आत-बाहेर लागतात. जाताना डावीकडची खिडकी घ्या, हडसन दिसते. तिकीट लवकर काढा, नंतर महागतं. इथवर तक्रार नाही.

राइनक्लिफ ते मैदान हे अंतर तीन मैलांच्या आसपास आहे आणि सगळा मनस्ताप तिथे भरलाय. शनिवारी सकाळी निम्मी ट्रेन याच स्टेशनवर उतरते. पाऊण तासाने टॅक्सी आली. चालकाने चार अनोळखी बायकांना एका गाडीत कोंबलं आणि भाडं लावलं माणशी! तेवढ्यात मेरिनो लोकरीची चांगली लडी आली असती. पुढे राउट ९ वर मोटारी अशा तुंबल्या होत्या की पायी चाललेले एक आजोबा आम्हाला मागे टाकून गेले. चालावं म्हणाल, तर बऱ्याच ठिकाणी कडेला पायवाटही नाही. परतताना आणखी हाल: मैदानात फोनला रेंज मिळेना आणि सगळा मेळा एकदमच टॅक्सी शोधत होता. तेव्हा टॅक्सी आदल्या दिवशी ठरवा, परतीच्या वेळेसकट. भाडं गाडीचं की माणशी, हे आधी वदवून घ्या. न्यू जर्सीहून तिघी-चौघी असाल तर ट्रेनचा विचारच सोडा. आय-८७ महामार्गाने वर जाऊन किंग्स्टन-राइनक्लिफ पुलावरून उतरा, म्हणजे गावातली कोंडी बरीचशी चुकते. मैदानावर पार्किंग फुकट आहे.

"रविवारी काही उरत नाही" हीसुद्धा थाप. एकाच डाय लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या, स्वेटरभर लड्या हव्या असतील, तरच शनिवारच्या गर्दीत शिरा. बाकी नावाजलेल्या रंगाऱ्यांच्या स्टॉलपुढे तासभर उभं राहून जे मिळतं, ते बहुतेक घरबसल्याही मागवता येतं. रविवारी मी निवांत फिरले, मेंढ्या पाहिल्या, दिवस छान गेला. तळलेल्या आर्टिचोकची रांग मात्र दोन्ही दिवशी तशीच. डबा न्या. या मेळ्यासाठी मुद्दाम विणलेला नवा स्वेटर घालायची इथे रीत आहे. घाला, पण आत सुती काहीतरी असू द्या, दुपारी घामाघूम व्हाल.

आता हत्यारं. बदलत्या टोकांच्या सुयांचा संच इथे घेऊ नका. निटर्स प्राइड म्हणून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सुया म्हणजे भारतात बनणाऱ्या निटप्रोच. देशातून कोणी येत असेल तर त्यांच्याकरवी मागवा. सुई घेताना नंबर विचारू नका, मिलिमीटर विचारा. आपल्याकडे जुना ब्रिटिश हिशेब: आईची ८ नंबरची सुई ४ मिमीची, अमेरिकन ८ नंबर ५ मिमीचा. शिवाय आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, इथे जाड.

खरी खरेदी टकळीची. ही नेटवर घ्यायची वस्तूच नाही. स्टॉलवाल्यांकडे थोडी लोकर मागा, उभ्याने कातून बघा. डगमगली की परत ठेवा, लाकूड कितीही देखणं असो. बारीक सुतासाठी २५-३० ग्रॅमची पुरते. मी घेतली ती हातातून सुटली की फिरतच राहते, आणि त्या आनंदात मी माणशी भाड्यालाही जवळजवळ माफ केलं होतं. जवळजवळच.

लडी उकलायची लाकडी छत्री, म्हणजे अम्ब्रेला स्विफ्ट, आणि गुंडा करायचं यंत्र घ्यायचंच असेल, तर घरून निघताना टेबलाच्या कडेची जाडी मोजून न्या. दोन्ही क्लॅम्पने आवळायची असतात. क्लॅम्प किती उघडतो ते तिथेच पट्टीने तपासा, आणि मग पाकीट काढा.