२४ तासांत उत्तर: आमच्या कोल्हापुरी चपलांची वाटचाल

आमचं दुकान कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या रांगेत, कधीच नव्हतं. तिथं गाळा घ्यायची ऐपत आजेसासऱ्यांची नव्हती. सुभाषनगरात घराच्या पुढच्या खोलीत काम, मागं राहणं, आणि तयार माल लाईनीतल्या दुकानदारांना पोचता करायचा, अशी रीत पडून गेली. चप्पल कुणाच्या पायात जाते हे आम्हाला दिसायचंच नाही. २०२० च्या मार्चमध्ये देवळं बंद झाली, अंबाबाईला येणारी माणसं थांबली आणि लाईनीतून मागणी यायची थांबली. दिवाळीच्या पाडव्याला देवळं उघडली, पुढच्या एप्रिलात पुन्हा बंद झाली, ती थेट घटस्थापनेला उघडली. या मधल्या रिकाम्या काळात आम्ही ऑनलाइन विकायला लागलो. हौस नव्हती, दुसरा मार्गच नव्हता.

ऑनलाइन म्हटलं की जो तो फोटो कसे काढायचे, खोकं कसं भरायचं, जीएसटीचं काय हे शिकवतो. गिऱ्हाइकांच्या निरोपांना उत्तरं देणं हेच अर्धं काम होऊन बसेल, हे कुणी बोललं नव्हतं. परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही एट्सी या हातकामाच्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारावर आहोत, देशातल्यांसाठी ॲमेझॉनवर. एट्सीनं २०२१ मध्ये ‘स्टार सेलर’चा बॅज, म्हणजे चांगल्या विक्रेत्याची खूण, सुरू केला. तो मिळायला, मागच्या तीन महिन्यांत ज्यांनी पहिल्यांदा निरोप धाडला, त्यातल्या ९५ टक्क्यांना तरी २४ तासांत उत्तर गेलेलं पाहिजे. शिवाय ९५ टक्के ऑर्डरी वेळेत आणि ट्रॅकिंगसह निघालेल्या, सरासरी रेटिंग ४.८, किमान पाच ऑर्डरी आणि ३०० डॉलरची विक्री. दर महिन्याच्या एक तारखेला हिशेब होतो. ॲमेझॉनवरही गिऱ्हाइकाच्या निरोपाला २४ तासच, रविवार आणि सणवार धरून. कुणी नुसतं ‘थँक्यू’ लिहिलं असेल तर त्यावर ‘उत्तराची गरज नाही’ अशी खूण करायची, नाहीतर तोही उत्तर राहिलेल्यांत मोजला जातो.

२०२२ च्या एप्रिलमध्ये एट्सीवरच्या हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली होती. मुख्य राग कमिशन ५ वरून ६.५ टक्क्यांवर नेल्याचा होता, पण स्टार सेलर बंद करा हीसुद्धा एक मागणी होती. एकट्यानं हातकाम करणाऱ्या माणसाला ही अट किती जाचते हे मला समजतं. मात्र अट सरसकट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. हजारो मैलांवरून पैसे पाठवणाऱ्या माणसाला पलीकडं कुणी जिवंत आहे एवढं तरी कळायला हवं.

ही गोष्ट माझ्याआधी मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना कळली. त्यांना मोबाईलवर फोन उचलण्यापलीकडं काही येत नाही. मी पहिल्या दिवसांत प्रत्येक प्रश्नाचं पूर्ण उत्तर जमवायच्या मागं असायची. चामडं कुठलं, तळ किती जाड, वेणी कशी घातली, सगळं मामांना विचारून, लिहून, तपासून मगच पाठवायचं. ते एकदा म्हणाले, “दारात माणूस आलं तर आधी बसा म्हणायचं का नाही? माप मागनं घे की.” तेव्हापासून पहिलं उत्तर लहान असतं. पण ‘आपला निरोप मिळाला, लवकरच कळवतो’ असलं पोकळ उत्तर आम्ही पाठवत नाही. त्यानं अट पुरी होते, गिऱ्हाईक मात्र होतं तिथंच राहतं. आमच्या पहिल्या उत्तरात एक तरी काम असतं: कागदावर उभं राहा, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ ओढा, टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो.

आमच्या धंद्याची सगळी मेख या मापातच आहे. अमेरिकेतला पुरुषांचा ९ म्हणजे आपल्याकडचा ८. बायकांच्या मापात तर दोनाचा फरक. त्यात कोल्हापुरीला बंद नाही, बक्कल नाही, ओढून सैल-घट्ट करायची सोय नाही. अंगठा आणि पट्टा जिथं बसला तिथं बसला. एखादं गिऱ्हाईक दारात आलंच तर मामा पाय बघूनच सांगतात, “पंजा रुंद हाय, ह्यो जोड चावंल.” हे शहाणपण फोनवरच्या अक्षरांत आणायला आम्हाला बरीच वर्षं लागली. पहिल्या उत्तरात ते मावत नाही. गिऱ्हाईक रेघ ओढलेला कागद पाठवतं, आम्ही पंजाची गोलाई विचारतो, ते पुन्हा मोजतं, मग पट्टा किती सैल ठेवायचा ते ठरतं. मोजला जातो पहिला निरोप. चप्पल पायात बसते ती तिसऱ्या-चौथ्या निरोपानंतर, आणि त्यांची नोंद कुठल्याच टक्केवारीत नसते. माल परत येणं कमी झालं ते या न मोजल्या जाणाऱ्या उत्तरांमुळं.

मापानंतरचा मोठा प्रश्न चामड्याचा. कुठल्या जनावराचं, हे लोक फार आडवळणानं विचारतात. आम्ही सरळ सांगतो: आमच्या मालात तळ म्हशीच्या कातड्याचा, वरचे पट्टे बकरीचे, कमावणं बाभळीची साल आणि हिरड्याचं. मग पाण्याचं. झाडसालीत कमावलेलं चामडं पाण्यात भिजलं की फुगतं आणि तसंच ठेवलं तर बुरशी धरतं. लंडनच्या एका बाईंनी पावसात चालतील का म्हणून विचारलं, तर मामांनी मला “चालणार न्हाईत” एवढंच लिहायला लावलं. विक्री गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीच दोन जोड घेतले.

हे सगळे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हटल्यावर मी त्यांची उत्तरं मालाच्या वर्णनातच घातली. पाय मोजतानाचा फोटो, सेंटिमीटरचा तक्ता, चामड्याची माहिती, पहिले काही दिवस घरातच थोडा थोडा वेळ घाला ही सूचना. निरोप निम्म्यावर आले. मला वाटलं, सुटलो. पण टक्केवारीचं गणित उलटं चालतं. तीन महिन्यांत वीस जणांनी नव्यानं लिहिलं आणि एकाचं उत्तर राहिलं तर ९५ टक्के, म्हणजे काठावर पास. दहाच जणांनी लिहिलं आणि एक राहिला तर ९०, नापास. वर्णन जितकं चांगलं, तितका एकेक निरोप जड. मोठ्या दुकानाला पाच-सहा उत्तरं चुकली तरी खपून जातात, आमच्यासारख्याला एकही परवडत नाही. नव्यानं सुरू करणाऱ्या कुणी विचारलं तर मी हे गणित आधी सांगते.

त्यात भामटे वेगळेच. “ऑर्डर होत नाही, तुमचं खातं पडताळायचं आहे, हा क्यूआर स्कॅन करा” असा निरोप गिऱ्हाइकाच्या वेषात येतो. घाईघाईत उत्तर द्यायची सवय लागलेला विक्रेता नेमका तिथं फसतो. असला निरोप उत्तर न देता स्पॅम म्हणून टाकून द्यायचा, आणि त्यातलं काहीही दाबायचं नाही. आमच्या घरात हा नियम लेकरांनासुद्धा पाठ आहे.

२०२५ चं वर्ष सगळ्यात कठीण गेलं. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीतल्या कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. इथं गदारोळ झाला, पुढं कंपनीनं या चपलांची प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. आमच्याकडं मात्र निरोपांची रांग लागली. खरी कोल्हापुरी हीच का, तुमच्याकडं प्रमाणपत्र आहे का. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. हे मी इतक्या वेळा लिहिलं की जिल्ह्यांची नावं तोंडपाठ झाली. विचारणारे फार, घेणारे थोडे. पण उत्तर सगळ्यांना सारखंच द्यावं लागतं.

मग ऑगस्ट. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी २९ तारखेपासून काढली. तो कर कुणी, कसा गोळा करायचा हेच विमान कंपन्यांना स्पष्ट नव्हतं, त्यामुळं २५ पासून आपल्या टपाल खात्यानं अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं. भारतीय मालावरचा वाढीव कर ५० टक्क्यांवर गेला तो २७ ऑगस्टला. त्याच दिवशी गणपती बसले. घरात आरत्या, मोदक, पाहुणे, आणि फोनवर एकामागून एक, माझं पार्सल कुठं आहे.

त्या आठवड्यात तयार उत्तरं बाजूला ठेवली. प्रत्येकाला वेगळं लिहिलं, कारण कुणाचं पार्सल वाटेत होतं, कुणाचं घरातच. घरात असलेल्यांना तीन वाटा दिल्या: पैसे परत घ्या, टपाल सुरू होईपर्यंत थांबा, नाहीतर खासगी कुरिअरनं पाठवतो, पण त्याचा खर्च चपलेच्या किमतीच्या आसपास जाईल आणि कर वेगळा. बहुतेकांनी पैसे परत घेतले. थांबायला तयार झालेल्यांना मी दर सोमवारी, काही घडलेलं नसलं तरी, एक ओळ लिहायची. १५ ऑक्टोबरला टपाल पुन्हा सुरू झालं, मालाच्या किमतीच्या ५० टक्के शुल्क इथंच भरायच्या अटीवर. मग पुन्हा सगळ्यांना लिहिलं, की आता एवढे जास्त पडतील, चालेल का. सोमवारची ओळ वाचत आलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी हो म्हटलं.

देशातल्या विक्रीत निरोप कमी आणि फोन जास्त. पण कायदा तिथंही आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्यानं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि ती महिन्याभरात निकाली काढायची. आमच्या अधिकारी म्हणजे माझ्या जाऊबाई. दहावीपर्यंत शिकलेल्या, आवाज खणखणीत. तक्रार करणाऱ्याशी त्या असं बोलतात की तो शेवटी स्वतःच्या आईची गुडघेदुखी सांगत बसतो.

आता घडी बसलीय. न्यूयॉर्कला रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आमच्याकडं उन्हाळ्यात सकाळचे साडेसात आणि थंडीत साडेआठ. म्हणून सकाळची पहिली पाळी माझी. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागं गेली की मी डबे आधी करून घेते आणि मग फोन उघडते. रात्री झोपण्याआधी पुतण्या एकदा बघतो, युरोपातले प्रश्न बहुतेक त्याच्या वाट्याला येतात. सणाच्या दिवसांत आपोआप उत्तर जाण्याची सोय लावतो, पण त्यातही पाय मोजायची कृती असतेच.

पायांचे कागद आम्ही टाकत नाही. छापून फाईलला लावतो, वर देशाचं नाव आणि पट्ट्याचा सैलपणा मामांच्या अक्षरात. जुनी गिऱ्हाइकं जुन्याच संभाषणात पुढं लिहितात, “तसाच अजून एक जोड, या वेळी काळा.” हे निरोप एट्सीच्या हिशेबात येत नाहीत, उत्तराला दोन दिवस लागले तरी टक्का हलत नाही. मामा रोज सकाळी विचारतात, जुन्यांपैकी कुणाचं काय आलंय, आणि आधी त्यांना लिहायला लावतात.