रवांडा: किगाली आणि न्यामाटाची स्मारकं, जाणाऱ्यांसाठी

१९९४ मध्ये रवांडात बहुसंख्य हुतूंमधल्या कट्टर गटांनी अल्पसंख्य तुत्सींचा वंशसंहार केला, त्याची ही स्मारकं. राजधानी किगालीला जाणार असाल तर आधी गिसोझी टेकडीवरचं किगाली जेनोसाईड मेमोरियल करा आणि न्यामाटा गावातलं चर्च दुसऱ्या दिवशी. उलटं केलंत तर न्यामाटाला जे दिसतं ते अर्धंच कळेल. गिसोझीला प्रवेश फुकट आहे, ऑडिओ गाईडचे पैसे पडतात पण घ्याच, आणि निदान अर्धा दिवस मोकळा ठेवा. सुमारे अडीच लाख लोक या एका आवारात पुरलेत.

आतला सुरुवातीचा भाग लोक पटपट उरकतात, तसं करू नका, कारण सगळं त्यातच आहे. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ते लिहायला लावलं, १९९० मध्ये कांगुरा नावाच्या कट्टर हुतू नियतकालिकात तुत्सींविरुद्ध 'हुतूंच्या दहा आज्ञा' छापून आल्या, १९९३ ला कट्टर हुतूंचा आरटीएलएम रेडिओ सुरू झाला, गाणी भारी लावायचे म्हणून तरुण पोरं ऐकायची आणि मध्ये मध्ये तुत्सींना झुरळं म्हटलं जायचं. ग्रेगरी स्टँटन या अमेरिकन अभ्यासकांनी वंशसंहाराच्या पायऱ्या मांडल्यात ना, आधी आपण आणि ते अशी विभागणी, मग त्यांना माणूसच न मानणं, मग संघटना, तयारी, आणि सगळं झाल्यावर असं काही घडलंच नाही म्हणणं, त्या डोक्यात ठेवून गेलात तर एकेक पायरी इथे ओळखू येते. ११ जानेवारी १९९४ ला रवांडातल्या यूएन फौजेचे कमांडर रोमिओ डॅलेअर यांनी न्यूयॉर्कच्या यूएन मुख्यालयाला फॅक्स केला, की लपवलेली शस्त्रं आहेत, तुत्सींच्या नोंदी चालल्यात, आम्ही छापा घालतो. उत्तर आलं, घालू नका. ७ एप्रिलला कत्तल सुरू झाली आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने अडीच हजारांच्या आसपास असलेली फौज २७० वर आणायचा ठराव केला. शंभर दिवसांत आठ ते दहा लाख माणसं गेली.

हे सगळं वाचून माणूस वरच्या मुलांच्या खोलीत जातो. मोठमोठे फोटो, आणि त्याखाली आवडता खेळ, आवडतं खाणं, मृत्यू कसा झाला. दहा वर्षांचा एक मुलगा, फुटबॉल आवडायचा, लोकांना हसवायला आवडायचं, डॉक्टर व्हायचं होतं, आणि शेवटचे शब्द म्हणून लिहिलंय की यूएनचे सैनिक आपल्यासाठी येतील. मला राग आवरेना. लहान मुलं बरोबर असतील तर ही खोली त्यांना दाखवू नका, खाली बाग आहे तिथे कुणीतरी त्यांच्याजवळ थांबा.

न्यामाटाला न्याबुगोगो स्टँडवरून बस मिळते, रस्ता चांगला आहे. १९९४ ला तिथल्या चर्चमध्ये मारलेल्यांचे कपडे बाकांवर रचून ठेवलेत, मातीचा रंग चढलेले, त्यात स्वेटर आहेत, मुलांचे फ्रॉक आहेत, आणि वर पत्र्याला भोकं. आत फोटो काढायला मनाई आहे. बाहेर आवारात आंतोनिया लोकातेली या इटालियन बाईंची कबर आहे, ती बघितल्याशिवाय निघू नका. मार्च १९९२ मध्ये याच बुगेसेरा भागात तुत्सींच्या कत्तली झाल्या, त्याआधी सरकारी रेडिओवरून एक खोटं पत्रक वाचून दाखवलं होतं. बाईंनी परदेशी रेडिओला फोनवर सांगितलं की हे लोकांचा राग वगैरे नाही, ठरवून चाललंय, आणि त्यांना गोळ्या घातल्या. दोन वर्षं आधी! तेव्हा चर्चमध्ये शिरलेले लोक वाचले होते, म्हणून तर १९९४ ला हजारो माणसं त्याच चर्चकडे धावली. मला विचाराल तर इशारे कमी नव्हते, १९९२ च्या मारेकऱ्यांना तेव्हाच धरलं असतं तर पुढच्यांची हिंमत झाली नसती.

मुरांबीला आणखी एक स्मारक आहे, तिथे चुन्यात जपलेले मृतदेह आहेत, किगालीपासून लांब आहे, झेपणार नसेल तर नाही गेलात तरी चालेल.

आता बाकीचं. अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून विमान असेल तर यलो फिव्हरची लस आणि कार्ड हवंच, निदान दहा दिवस आधी, नाहीतर परतताना भारतात अडवतात. व्हिसा विमानतळावर मिळतो, तरी नियम निघायच्या आधी बघा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे, बॅगेत नेऊ नका. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी उमुगांडा, म्हणजे गावभर श्रमदान, तेव्हा दुकानं बंद. ७ एप्रिलनंतरचा आठवडा शोकाचा, तेव्हा जायचं असेल तर सहलीच्या मूडमध्ये जाऊ नका. कॉंगोच्या सीमेकडे जाणार असाल तर तिथली परिस्थिती आधी तपासा. आणि कुणालाही तू हुतू की तुत्सी असं अजिबात विचारू नका, आता ओळखपत्रावर ते नसतं, विचारणं वाईट दिसतं आणि कायद्याच्या भानगडीतही पडू शकता. सरकारविषयी पण लोक मोकळं बोलत नाहीत, खोदून विचारू नका.

जायच्या आधी यूएनच्या वंशसंहार प्रतिबंध कार्यालयाची २०१४ ची मार्गदर्शिका वाचा, फुकट आहे, त्यात धोक्याचे १४ घटक दिलेत आणि प्रत्येकाखाली काय काय बघायचं ते. हे कार्यालय २००४ ला सुरू झालं, म्हणजे रवांडानंतर दहा वर्षांनी. फोनमध्ये ठेवा आणि गिसोझीला फिरताना समोरच्या भिंतीशी ताडून बघत जा, आम्ही तसंच केलं, वेळ दुप्पट लागतो.