आचंद्रार्क दिवा, वंशपरंपरेचा पुजारी

मोडी वाचून देणाऱ्याचं काम अक्षर लागलं की संपतं, असं बहुतेकांना वाटतं. अक्षर सवयीने लागतं. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं, अशी ती लिपी. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, तरी रोज वाचणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही. अडतं ते लिप्यंतर झाल्यावर, खाली ‘अर्थ’ लिहायची वेळ येते तेव्हा. कारण कज्जे-खटले त्या अर्थावर चालतात.

मध्यंतरी एक काका आणि त्यांचा पुतण्या दप्तर घेऊन आले. भाऊबंदकीचा वाद होता. सोबत कुणीतरी आधी करून दिलेलं लिप्यंतर होतं आणि अर्थाच्या रकान्यात एकच ठसठशीत वाक्य : ‘सदर जमीन कायमस्वरूपी मालकी हक्काने दिलेली आहे.’ काकांना त्यावर दुसऱ्या वाचकाची सही हवी होती, एवढंच.

मूळ कागद उलगडला. पेशवाईतली सनद. कालगणना सुहूर सनात, अरबी अंकशब्दांत : सबा सितैन मया व अलफ. म्हणजे सात, साठ, शंभर, हजार. ११६७ मध्ये ५९९ मिळवले की इसवी सन १७६६-६७. कागद दोन तुकडे चिकटवून केलेला, सांध्यावर शिक्का, शेवटी मोर्तब. ‘मालकी’ हा शब्द संपूर्ण कागदात नाही. ‘कायम’ही नाही. त्यांच्या जागी कायमपणा सांगणाऱ्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि आधीच्या वाचकाने त्या तिन्ही एकाच शब्दात कोंबल्या होत्या. हे मला सहन होत नाही. तीन वेगळे शब्द लिहिण्याचे कष्ट कारकुनाने घेतले असतील, तर ते तीन वेगळे ठेवण्याचे कष्ट वाचणाऱ्यानेही घ्यावेत.

पहिला शब्द ‘आचंद्रार्क’. चंद्र आणि अर्क, म्हणजे सूर्य, असेपर्यंत. हा शब्द पेशवाईच्या फार आधीचा. जुन्या ताम्रपटांत त्याचं लांबलचक रूप येतं : आचंद्रार्कार्णवक्षितिसरित्पर्वतसमकालीन. चंद्र, सूर्य, समुद्र, पृथ्वी, नद्या आणि पर्वत, सगळे साक्षीला उभे. शिलाहार-यादवांच्या काळातल्या गद्धेगाळींवर, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेल्या दगडांवर, वरच्या बाजूला चंद्रसूर्य कोरलेले दिसतात, ते याच शब्दाचं चित्र. ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्यासाठी केलेलं. या सनदेत तो शब्द जोडलाय देवाच्या नंदादीपाला. तेलाचा खर्च आचंद्रार्क चालावा.

दुसरा, ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’. हा पूजा करणाऱ्या घराला जोडलेला. त्याआधीच्या फारसी वळणाच्या कागदांत याच जागी ‘अवलाद अफलाद’ येतं, म्हणजे मुलंनातवंडं. हा कायमपणा सूर्याच्या भरवशावर नाही, पाळण्याच्या भरवशावर आहे. वंश खुंटला की तो संपला. शिवाय पूजाअर्चा करून उत्पन्न खावं, अशी अट त्याच ओळीत.

तिसऱ्याकडे कुणाचं लक्षच जात नाही : ‘प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे.’ म्हणजे दरसाल नवं पत्र आणा म्हणून या माणसाला अडवू नका. हे देवाला उद्देशून नाही आणि पुजाऱ्यालाही नाही. हे आहे गावच्या आणि परगण्याच्या अंमलदारांना. मला विचाराल तर सगळ्या सनदेत हे सर्वांत खरं वाक्य. ‘सूर्यचंद्र असेपर्यंत’ हे अंमलदारासमोर किती टिकतं, हे लिहिणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं.

आणि ‘कायम’? मूळ अरबी शब्द, अर्थ ‘उभा असलेला’. जुन्या कागदांत ‘कायम करणे’ म्हणजे आधीपासून चालत आलेलं मान्य करणे, त्याला उभं ठेवणे. अजूनही आपण ‘नोकरीत कायम झालो’ म्हणतो आणि ठरलेल्या वयाला निवृत्त होतो. असा शब्द ‘आचंद्रार्क’च्या जागी बसवणं म्हणजे अर्थ बदलणं. हल्लीच्या ‘सोप्या मराठीत द्या’ या आग्रहापायी असं रोज घडतं, आणि ते मागणाऱ्या कार्यालयांना त्याचं सोयरसुतक नसतं.

हे सगळं काकांना सांगितलं. ते बराच वेळ ‘वंशपरंपरेने’वर बोट ठेवून होते. मग म्हणाले, “ताई, म्हणजे चंद्रसूर्य दिव्याला, आणि आम्हाला नुसती पोरंबाळं?”

पुतण्याचा प्रश्न निराळाच. दप्तरात खाली पुढच्या कारकिर्दीतलं एक पत्र होतं, तीच जमीन ‘पूर्वीप्रमाणे करार करून’ देणारं. “मॅडम, एकदा कायमचं दिलं होतं तर पुन्हा कशाला दिलं?” रास्त प्रश्न. देणारा बदलला की घेणारा नव्याने पत्र करून घ्यायचा, कारण जुन्या धन्याचा शब्द नवा धनी पाळेलच असं नसे. ताम्रपट कोरणाऱ्यांनाही हे माहीत होतं. आचंद्रार्क लिहून झालं की खाली श्लोक येतो : बहुभिर्वसुधा भुक्ता राजभिः सगरादिभिः। सगरापासून कितीतरी राजांनी ही भूमी भोगली, जेव्हा ज्याची भूमी तेव्हा त्याला फळ. दान मोडू नका म्हणून पुढच्या राजाला केलेली ही विनवणी. चिरकालाची ग्वाही आणि ती मोडली जाण्याची धास्ती, दोन्ही एकाच पत्र्यावर.

मी सही केली ती माझ्या लिप्यंतरावर. तिन्ही शब्द जसेच्या तसे ठेवले, प्रत्येकासमोर तो कशाला जोडलाय ते लिहिलं, आणि ‘मालकी’ हा शब्द मूळ कागदात नाही, अशी स्वतंत्र ओळ घातली. काका नाराज होऊन गेले. त्यांच्या जागी कुणीही झालं असतं.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. दिव्याला एक शब्द आणि माणसाला दुसरा, हे त्या कारकुनाने विचारपूर्वक केलं, की ठरलेल्या मायन्यातलं हाताला येईल तसं उतरवलं? दुसऱ्या पत्रातही तीच मांडणी आहे, पण ते पहिलं समोर ठेवून लिहिलेलं दिसतं, त्यामुळे त्याची साक्ष धरता येत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात त्या सालच्या रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीत, या सनदेची नोंद असू शकते. तिथे मायना आखडता असतो, पाल्हाळाला जागा नसते. त्या आखडत्या नोंदीतही हे दोन शब्द वेगळे आले, तर ते जाणूनबुजून लिहिले असं म्हणता येईल. तो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मागवण्यासाठी अर्ज दिला आहे.