मेडिकलवर हळू आवाजात मागितली जाणारी गोळी

मी मेडिकलवर बसतो. संध्याकाळी एखादं पोरगं येतं, आधी टूथपेस्ट वगैरे घेतं, बाजूच्या बायका गेल्या की हळूच म्हणतं, दादा ती टायमिंगची गोळी आहे का. म्हणजे लिंग ताठ व्हावं म्हणून घेतात ती. चिठ्ठी विचारली की मान खाली. वय जेमतेम पंचवीस-सव्वीस. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, पण गर्दी नसेल तर बाजूला घेऊन एक विचारतो, सकाळी उठल्यावर ताठ असतं का? बहुतेक जण म्हणतात हो, ते असतं की. मग नसा आणि रक्तपुरवठा बहुतेक ठीक आहे, घोळ टेन्शनचा असण्याची शक्यता जास्त. भीती वाटली की अंगात अॅड्रिनलिन वाढतं, लिंगाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त भरतच नाही. एकदा असं झालं की पुढच्या वेळी मन आधीच धास्तावलेलं, की परत तेच. त्यात नवीन लग्न, दोन खोल्यांचं घर, पलीकडे आईवडील झोपलेले, वर नाइट शिफ्ट, कसं होणार सांगा.

पण सकाळचंही बंद झालं असेल, हळूहळू कमी होत गेलं असेल तर अंगावर काढू नका. तिथली रक्तवाहिनी जेमतेम 1 ते 2 मिलिमीटरची, हृदयाची 3 ते 4, म्हणून शुगर, बीपी, सिगारेटने नुकसान व्हायला लागलं की कधीकधी पहिली तक्रार इथेच येते. आणि तिशीच्या आत शुगर निघालेली पोरं मी काउंटरवर बघतोय हो.

जिमवाल्यांचं वेगळंच. बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात, शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, इंजेक्शन सोडलं की त्रास सुरू. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी, केस गळतीच्या फिनास्टेराइडनेही काहींना होतं, पण म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगितलं की ते बदलून देतात. रोजची दारू तर आहेच.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो भिंतींवरच्या आणि लोकलमधल्या त्या जाहिरातींचा. लहानपणीच्या चुकांमुळे नस कमजोर झाली म्हणे! हस्तमैथुनाने असं काही होत नाही. ही भीती घालून पोरांकडून हजारो रुपये उकळतात, आणि 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या काही पावडरींत गुपचूप सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, मिसळलेलं पकडलं गेलंय. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने नकळत ते घेतलं तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रमार्गाच्या डॉक्टरकडे जा, फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात केली तरी चालेल, आणि बायकोला सांगा, ती बिचारी बऱ्याचदा स्वतःलाच दोष देत बसलेली असते. उपाशीपोटी शुगर, तीन महिन्यांची शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी एवढं बहुतेक सांगतातच. टेस्टोस्टेरॉन सांगितलं तर रक्त सकाळीच द्या, दुपारनंतर ते आपोआप कमी होतं आणि रिपोर्ट बघून उगाच घाबरायला होतं.