स्कोअर वाढत होता, कोपर उघडत नव्हतं

दादाच्या डोक्याला मार लागला त्याला आता चौदा महिने झाले. डाव्या बाजूला रक्त साकळलं होतं, ऑपरेशन झालं, जीव वाचला, मग हळूहळू बोलणं परत आलं, चालायलाही लागला. मागे राहिला तो उजवा हात. खांद्यापासून हलतो, पण पुढे न्यायला गेला की कोपर आपोआप दुमडतं आणि मूठ मिटते, आणि ती मूठ उघडायची तर त्याच्या कपाळावर घाम येतो.

मधल्या काळात तो सगळंच डाव्या हाताने करायला लागला होता आणि आम्ही घरचे खूश, की चला, निदान स्वतःचं स्वतः करतोय. इथे आमचं चुकलं. न वापरलेला हात मेंदूच्या हिशोबातूनच निघून जातो, म्हणजे थोडीफार ताकद असते तरी माणूस तो वापरायचंच सोडून देतो. एडवर्ड टाउब नावाच्या शास्त्रज्ञांनी यावर खूप काम केलंय, चांगला हात बांधून ठेवायचा आणि कमजोर हातालाच तासनतास कामाला लावायचं ही थेरपी त्यांच्याच कामातून आली. दादाला ती झेपली नाही. दोन दिवसांत इतका चिडला की जेवायलाच तयार नव्हता. मग थेरपिस्ट मॅडमनी व्हीआर सुचवलं, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, डोळ्यांपुढे खोटं जग उभं करणारा गेम.

प्रकार तसा साधा आहे. डोळ्यांवर हेडसेट, समोर एक खोली, हवेत फुगे, हात पुढे नेऊन फोडायचे. दादाला कंट्रोलर धरता येत नाही म्हणून तो वेलक्रोच्या पट्ट्याने हातालाच बांधतात. आणि ऑपरेशनच्या जागेवर हेडसेटचा बेल्ट दाबला जाऊ नये म्हणून मागे मऊ कापडाची घडी ठेवतो, हे आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवशी तिथे लाल झालं तेव्हा कळलं.

आता याचा उपयोग नेमका कशासाठी, तर सरावाची संख्या वाढवण्यासाठी. म्हणजे तीच हालचाल किती वेळा होते ते महत्त्वाचं. मेंदूतली नवी वाट पुन्हा पुन्हा चालूनच पडते. 2009 साली अमेरिका-कॅनडातल्या रिहॅब सेंटर्समध्ये संशोधकांनी स्ट्रोकने पॅरालिसिस झालेल्या पेशंटची थेरपी चालू असताना शेजारी बसून मोजलं, तर हाताने खरंखुरं काही काम करायचा सराव साधारण निम्म्याच सेशनमध्ये होता आणि जिथे होता तिथे सरासरी फक्त 32 वेळा. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसला तिथे हाच आकडा दिवसाला 400 ते 600 असा होता. हे वाचलं आणि मी घरी मोजायला लागले. नुसता व्यायाम कर म्हटलं की दादा तीस-पस्तीसवर थांबायचा, "पुरे आता". हेडसेट लावला की पंचवीस मिनिटांत दोनशेच्या वर. तोच माणूस, तोच हात. मला तर रडूच आलं होतं.

तीन आठवडे स्कोअर नुसता वाढत होता. मी रोज वहीत लिहायचे, नातेवाईकांना फोटो पाठवायचे. मग एक दिवस मॅडम आल्या, मी टीव्हीवर गेम बघत उभी होते, त्या म्हणाल्या, "तुम्ही स्क्रीनकडे बघू नका, यांच्या खांद्याकडे बघा." बघितलं. दादा हात पुढे नेतच नव्हता. कमरेतून अख्खा वाकत होता, खांदा कानापर्यंत वर उचलत होता, आणि कोपर होतं तसंच दुमडलेलं. फुगा फुटत होता तो पाठीच्या जोरावर. गेमला फक्त हात कुठे पोचला एवढंच कळत होतं, कसा पोचला ते नाही.

मॅडमनी छातीवरून एक रुंद पट्टा घेऊन त्याला खुर्चीच्या पाठीशी बांधलं, घट्ट नाही, नुसती आठवण राहील इतकं. आणि फुगे जवळ आणले. स्कोअर निम्म्यावर आला. दादा भयंकर चिडला, "आधी चांगलं चाललेलं ना, मग कशाला?" मी काही बोलले नाही, फक्त त्याचं कोपर हलकं धरून ठेवलं. आणि सात-आठ प्रयत्नांनंतर ते माझ्या तळव्यात सरकलं, थोडंसंच, पण उघडलं. ते मला हाताला लागलं, स्क्रीनवर काहीच दिसलं नाही.

म्हणून जे कोणी मशीन घेतलं की हात बरा होईल असं समजून मला विचारतात त्यांना कळकळीने सांगते, तसं नाहीये. 2016 मध्ये 141 पॅरालिसिसच्या पेशंटवर एक मोठी चाचणी झाली, अर्ध्यांना व्हिडिओ गेमचा सराव, अर्ध्यांना पत्ते, चेंडू असले साधे खेळ, आणि दोन्हीकडचे सारखेच सुधारले. कॉक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या 2017 च्या आढाव्यात, 72 अभ्यास मिळून, हेच निघालं की नेहमीच्या थेरपीच्या जागी व्हीआर ठेवलं तर जास्तीचं काही नाही, पण तिच्या जोडीला दिलं, म्हणजे एकूण सराव वाढला, तर फायदा दिसतो. 2025 च्या नव्या आढाव्यात अभ्यास 190 झालेत आणि हाताच्या बाबतीत व्हीआरचं पारडं किंचित वर आलंय. किंचितच. माझ्या मते तेवढंही पुष्कळ आहे, कारण थकलेला माणूस सराव करायला बसतोय हीच मोठी गोष्ट आहे.

काळजी मात्र घ्या. फिट येऊन गेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावूच नका. चक्कर, मळमळ सुरू झाली की लगेच काढा, जिद्दीने पुढे खेळायचं नाही. खांदा दुखत असेल तर आधी तो दाखवा. आणि उभं राहून कधीच नको, खुर्चीत बसून, शेजारी कोणीतरी पाहिजेच.

हेडसेट काढला की लगेच आम्ही टेबलाशी बसतो. टेबलावर पांढऱ्या टेपच्या चार पट्ट्या चिकटवल्यात, एकमेकींपासून चार बोटांच्या अंतरावर, आणि प्लॅस्टिकचा रिकामा ग्लास. हवेतल्या फुग्याला वजन नसतं, धरावा लागत नाही, ग्लास धरावा लागतो आणि सोडावाही लागतो, आणि सोडणं दादाला धरण्यापेक्षा अवघड जातं. या आठवड्यात ग्लास दुसऱ्या पट्टीवरून तिसऱ्यावर गेलाय. वहीत आता मी स्कोअर लिहीत नाही, पट्टीचा नंबर लिहिते, आणि पुढे एक खूण, पाठ खुर्चीला टेकलेली होती की नाही त्याची.