‘हे कोण बोलून राह्यलं जी?’

नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाजवळ आमचं मसाल्याचं छोटं दुकान आहे, मागच्या खोलीत मिरची कांडप. दुकान बाबांचं आणि इन्स्टाग्राम माझं, अशी आमच्या घरात वाटणी झाली होती.

मला काही येत नव्हतं म्हणून आधी एका एजन्सीला काम दिलं. त्यांनी पांढऱ्याशुभ्र कागदावर ठेवलेल्या मिरच्यांचे फोटो टाकले, खाली ‘परंपरेची अस्सल चव, आपल्या स्वयंपाकघरात’. फोटो देखणे, पण त्यातली एकही मिरची आमच्या पोत्यातली नव्हती. आमच्या नेहमीच्या एका मावशींनी फोन पुढे धरून बाबांना विचारलं, “काऊन जी, हे कोण बोलून राह्यलं तुमच्या दुकानातून?” बाबा माझ्याकडे बघायला लागले.

चार महिन्यांनी एजन्सी सोडली आणि मी स्वतः लिहायला बसले. तिथे दुसरं टोक गाठलं. प्रत्येक पोस्टमध्ये ‘काऊन बे’, ‘भल्लं तिखट’. लाइक भरपूर आले, मी खूश. मग एका गिऱ्हाईकाचा मेसेज आला: ‘ताई, दुकानात तर तुम्ही असं बोलत नाही. इथंच आमची नक्कल काऊन?’

झोंबलं, कारण खरं होतं. चार वर्षं पुण्यात राहून माझी भाषा धड इकडची राहिली नाही, धड तिकडची झाली नाही. आणि बाबा गिऱ्हाईकाला जन्मात ‘बे’ म्हणाले नाहीत. ‘बे’ मित्राला. गिऱ्हाईकाला ‘जी’. एवढंही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या रविवारी वही घेऊन गल्ल्यापाशी बसले. बाबा काय बोलतात ते फक्त उतरवत गेले. ‘घरात लहान लेकरं आहेत का? मग हे नका नेऊ.’ ‘अर्धा किलो काऊन नेता? पावच न्या, पावसाळा येऊन राह्यला, जाळी धरंन.’ दिवसभरात त्यांनी तीन जणांना कमी माल घ्यायला लावला! धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाच, पण लोक त्याच्यासाठीच येत होते.

आता पानावर तेवढंच असतं. कळमन्याच्या बाजारात मिरचीचा भाव काय निघाला, चढला तर किती, आणि उतरला तर तेही. भिवापुरी मिरची आली की पोतं उघडतानाचा व्हिडिओ. इन्स्टाग्राम २,२०० अक्षरं लिहू देतं, बाबांचं दोन ओळींत आटपतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा जो तो ‘घेऊन जा गे मारबत’चे विनोद टाकतो, आम्ही लिहिलं, ‘आज गर्दी आहे जी, संध्याकाळी या.’ व्हॉट्सॲप बिझनेसवरचं ‘प्रिय ग्राहक, आपल्या संपर्काबद्दल धन्यवाद’ पुसून टाकलं. उन्हाळ्यात दुपारी मेसेज केला तर आता उत्तर जातं: ‘दुकान ४ वाजता उघडते जी. ऊन पाहून निघा.’

खरी परीक्षा गेल्या मे महिन्यात झाली. एका खेपेला मेथी जास्त भाजली गेली, मसाला कडू. तो अकरा जणांनी नेला होता. ‘काही तांत्रिक कारणास्तव’ अशी सुरुवात करून मी निवेदन लिहायला घेतलं. आई म्हणत होती, चूक चारचौघात कशाला सांगायची, एकेकाला फोन करू. बाबांनी फोन माझ्या हातात दिला, म्हणाले, व्हिडिओ काढ. “कालचा सावजी मसाला कडू झाला जी. माझ्याच हातून मेथी जळली. आणून द्या, बदलून देतो. फेकला असंन तरी या.” मागे कांडपाचा खडखडाट आणि कोणाची तरी शिंक. शिंक कापायची होती, राहू दिली.

नऊ जण आले. दहावे काका पुडी न घेताच आले.

“मले तर तोच आवडला जी. अजून आहे का?”

“नाही जी,” बाबा म्हणाले, “तो पुन्हा जमायचा नाही.”